दोन भिंतींच्या मधल्या बाई

आपली लेक नक्की काय काम करते, हे मधल्या बाईंच्या आईला अकरा वर्षांत एकदाही कोणाला धड सांगता आलं नव्हतं. शेजारीण विचारायची, "बांधकामावर असते म्हणजे इंजिनिअर का?" आई म्हणायची, "नाही." "मग मजुरांवर देखरेख?" "तीही नाही." "मग?" यावर आई थोडा वेळ खिडकीबाहेर बघायची आणि म्हणायची, "ती असते तिथे." शेजारणीचं एवढ्यावर समाधान व्हायचं नाही, आणि खरं सांगायचं तर आईचंही व्हायचं नाही.

काम समजायला अवघड नव्हतं, पटायला अवघड होतं. मोठी इमारत कोणी एकटा बांधत नाही. एक जण भिंत उभी करतो, दुसरा तिच्यातून पाइप नेतो, तिसरा वायर ओढतो, आणि आपापलं संपलं की जो तो हात झटकून मोकळा होतो. पण एकाचं संपतं आणि दुसऱ्याचं सुरू होतं तिथे चार बोटं जागा उरते, आणि ती कोणाच्याच बापाची नसते. ती चार बोटं बाईंची. त्यांच्याकडे एक जाडजूड नोंदवही होती. असली प्रत्येक बेवारस जागा त्यात एक 'बाब' म्हणून चढायची, तिला क्रमांक मिळायचा, 'देणारा' कोण आणि 'घेणारा' कोण हे लिहिलं जायचं, आणि दोघांच्या सह्या झाल्या की बाब बंद. सह्या होईपर्यंत बाईंनी या टोकाकडून त्या टोकाकडे चालत राहायचं. हुद्द्याचं नाव होतं समन्वयक, पण साइटवर ते कोणाच्या तोंडात बसलं नाही. सगळे म्हणायचे मधल्या बाई.

या खेपेला इमारत होती तीन मजली दवाखान्याची. तिची डावी अर्धी बाजू एका ठेकेदाराला आणि उजवी अर्धी दुसऱ्याला दिलेली. असं का, ते ज्याने दिलं त्यालाच माहीत, आणि तो लगेच बदली करून घेऊन निघून गेला. दोन्हीकडे एकेक मुकादम. डाव्या बाजूचे ते 'डावे', उजव्या बाजूचे ते 'उजवे'. डावे उंच, सावकाश बोलणारे, प्रत्येक वाक्य 'तसं बघायला गेलं तर'ने सुरू करणारे. उजवे बुटके आणि भलतेच मानी. त्यांना कोणी नुसतं "बसा" म्हटलं तरी ते आधी विचार करायचे की हा असं का म्हणाला. दोन वर्षांपूर्वी डाव्यांची एक शिडी उजव्यांच्या बाजूला सापडली होती. तेव्हापासून दोघांत विस्तव जात नव्हता. वीस पावलांवर उभे असले तरी एकाला दुसऱ्याकडून पाण्याची नळी बंद करून हवी असेल, तर तो बाईंना शोधत तिसऱ्या मजल्यावर जायचा.

अकरा वर्षांत बाईंनी एक गोष्ट शिकून ठेवली होती. एखादं काम एकालाच सांगितलं तर कोणीच करत नाही, दोघांना सांगितलं तर निदान एक जण करतो. त्यामुळे त्यांचं प्रत्येक पत्र दोन्ही मुकादमांना जायचं, आणि दोन्ही पत्रांत शब्द न् शब्द सारखा असायचा. एकदा उजव्यांना दोन पानी आणि डाव्यांना दीड पानी पत्र गेलं होतं, तर डावे आठवडाभर फुगून बसले होते.

त्या दिवशी सकाळी बाई घरून निघाल्या त्याच मुळी धास्तावून. मुख्य कचेरीतले मोठे साहेब दुपारी चारला साइटवर येणार होते. इमारत बघायला नाही, बाईंना बघायला. "दोन माणसांनी एकमेकांशी बोलायला तिसरं माणूस कशाला लागतं?" असं साहेबांनी एका बैठकीत विचारलं होतं. समन्वयकाचं पद ठेवायचं की काढायचं, ते आज ठरणार होतं.

"अगं, मग सांग ना त्यांना तू काय करतेस ते," आई डबा हातात देत म्हणाली.

"काय सांगू?"

"ते मला माहीत असतं तर मी शेजारणीलाच नसतं का सांगितलं?"

साइटवर पोचल्यावर बाईंनी ठरवलं, साहेब यायच्या आत एकशे चौदा नंबरची बाब बंद करायची. ही बाब आठ महिने लोंबकळत होती आणि तिची सगळीकडे चेष्टा चालली होती. तळघरात, इमारतीच्या बरोब्बर मध्यावर, वायरींची एक खोली होती. तिला डाव्या बाजूने एक दाराएवढी मोकळी जागा ठेवलेली होती आणि उजव्या बाजूनेही तशीच. दार मात्र एकच बसायचं होतं. डाव्यांच्या नकाशात ते उजवीकडे दाखवलं होतं आणि उजव्यांच्या नकाशात डावीकडे. नकाशा काढणाऱ्याला बाईंनी सात पत्रं लिहिली, तेव्हा त्याचं एका ओळीचं उत्तर आलं की कुठेही बसवा.

मग बाईंनी आपला नेहमीचा उपाय केला. दोघांनाही सारखंच पत्र धाडलं: आपल्या बाजूची मोकळी जागा आज दुपारपर्यंत बंद करावी. हिशेब साधा होता. दोघांपैकी फार तर एक जण ऐकेल, तो आपली बाजू बुजवेल, आणि जो ऐकणार नाही त्याच्या बाजूला आपोआप दार बसेल. आजवर दोघांनी एकाच दिवशी त्यांचं ऐकलंय असं एकदाही झालं नव्हतं. पण मोठे साहेब येणार हे बाईंना जसं माहीत होतं, तसं ते त्या दोघांनाही माहीत होतं, आणि नेमकं हेच बाईंच्या लक्षात आलं नाही.

पत्रं पाठवून बाई बारा वाजता त्या खोलीत शिरल्या. खोलीच्या मधोमध कपाटाएवढ्या उंच लोखंडी पेट्यांची रांग होती आणि तिच्या मागे तीनशेबारा वायरी. प्रत्येक वायरीला चिठ्ठी आहे की नाही ते बघायचं होतं. बाई पेट्यांच्या मागे मांडी घालून बसल्या आणि मोजायला लागल्या. चाळिसाव्या वायरीला डावीकडून थापीचा आवाज आला. बाईंना बरं वाटलं. डाव्यांनी ऐकलं म्हणायचं. थोड्या वेळाने उजवीकडूनही थापी वाजल्यासारखं वाटलं, पण रिकाम्या खोलीत आवाज घुमतोच. हाक मारायचं त्यांच्या मनात आलं नाही, कारण काम करणाऱ्या माणसाला हाक मारली की तो थांबतो, आणि एकदा थांबला की चहालाच जातो. बाई मोजत राहिल्या. दोनशे एकोणनव्वद नंबरच्या वायरीला चिठ्ठी नव्हती, म्हणून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

सव्वा वाजता त्या कपडे झटकत पेट्यांच्या मागून बाहेर आल्या. डावीकडे भिंत होती. छान, सरळ, एका रेषेत. बाई मनात म्हणाल्या, काम चोख केलंय. मग त्या उजवीकडे वळल्या, आणि तिथेही तितकीच छान, सरळ भिंत होती.

त्यांनी पुन्हा डावीकडे बघितलं. मग पुन्हा उजवीकडे. दोन्हीकडे बघून झाल्यावर वर बघितलं, तर तिथे अखंड स्लॅब आणि त्याला टांगलेला एक पिवळा बल्ब.

खांद्याने ढकलून बघितलं. ब्लॉक हलके असले तरी ते ज्या मसाल्याने चिकटवले होते तो वीस मिनिटांत दगड व्हायचा. हा मसाला वापरावा म्हणून बाईंनी स्वतः तीन महिने पत्रव्यवहार केला होता. फोन काढला, तर तळघरात रेंज नावालाही नव्हती. दोन्हीकडे, बुजवलेल्या जागेच्या शेजारच्या जुन्या भिंतीत, छातीच्या उंचीवर हात जाईल एवढा एकेक पाइप मात्र पहिल्यापासून बसवलेला होता, पुढे कधी वायर न्यायची झाली तर म्हणून. बाई डाव्या पाइपपाशी गेल्या आणि तोंड लावून म्हणाल्या, "कोणी आहे का तिकडे?"

"कोण बोलतंय?" पलीकडून सावकाश आवाज आला. डावे स्वतःच भिंत न्याहाळत उभे होते.

"मी. मधली."

"बाई, तुम्ही कुठून बोलताय?"

"आतून."

"कशाच्या आतून?"

"खोलीच्या."

डाव्यांनी विचार केला. "तसं बघायला गेलं तर त्या खोलीत जायला वाट नाहीये."

"सकाळी होती."

पलीकडे डाव्यांनी भिंतीवर दोनदा टकटक करून बघितलं. मग डावे अगदी हळव्या आवाजात म्हणाले, "बाई, तुमचं पत्र आलं तेव्हा मी गवंड्याला म्हटलं, आज साहेब यायचेत, आज बाईंचा शब्द खाली पडू द्यायचा नाही."

"फार उपकार झाले. आता ती भिंत फोडा."

"फोडतो की. पण तसं बघायला गेलं तर मी पत्राप्रमाणे केलंय. उजव्यांनी का बंद केलं, ते विचारा ना त्यांना. त्यांनी बंद केलं नसतं तर तुम्ही तिकडून बाहेर आला असता."

डाव्या भिंतीपासून उजव्या भिंतीपर्यंत पेट्यांना वळसा घालून नऊ पावलं होती. बाई नऊ पावलं चालल्या आणि उजव्या पाइपला तोंड लावलं. उजवे तिकडे आपल्या भिंतीला पाणी मारत होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "तुम्ही आधी त्यांना हाक मारलीत की मला?"

"अहो, मी कोंडलेय इथे."

"ते झालंच. पण आधी त्यांना का?"

"तो पाइप जवळ होता."

"असू दे. त्यांना सांगा, माझी भिंत पंचावन्न मिनिटांत उभी राहिली आणि त्यांच्या आधी राहिली. ज्याने मागाहून बांधली त्याने फोडावी. आधी बांधणाऱ्याला काय माहीत मागचा काय करणार ते?"

बाई नऊ पावलं परत गेल्या आणि हे डाव्यांना सांगितलं. डाव्यांचं म्हणणं पडलं की कोणाची आधी झाली हे घड्याळ लावून कोणी बघितलं होतं का, ते त्यांना विचारा. बाई नऊ पावलं पलीकडे गेल्या. उजवे म्हणाले, म्हणजे मी खोटं बोलतो असं त्यांना म्हणायचंय का, ते विचारा. बाई पुन्हा नऊ पावलं अलीकडे आल्या. या दोघांनी जिना चढून, वळसा घालून समोरासमोर यायचं ठरवलं असतं तर तीन मिनिटं लागली असती. ते त्यांना सुचलं नाही, आणि गंमत म्हणजे बाईंनाही सुचलं नाही. सवयच तशी पडली होती.

पावणेतीनला डाव्यांनी तोडगा काढला. फॉर्म भरायचा. बांधलेलं काम तोडायचं असेल तर त्याला एक छापील फॉर्म होता. त्यावर दोन्ही मुकादमांच्या सह्या आणि खाली समन्वयकाची सही लागायची. डाव्यांनी फॉर्म भरला, त्याची सुरळी केली आणि पाइपमधून आत सरकवली. बाईंनी ती उलगडून वाचली. डाव्यांनी सही केली होती, आणि सहीच्या बाजूला लिहिलं होतं, 'उजव्या बाजूची सही झाल्यावर ही सही धरावी.' बाईंनी फॉर्म उजव्या पाइपातून बाहेर दिला. पाच मिनिटांनी तो परत आला. त्यावर उजव्यांची ठसठशीत सही होती आणि बाजूला शेरा, 'डाव्या बाजूची सही पक्की झाल्यावर ही सही धरावी.'

बाई वायरच्या रिकाम्या रिळावर बसल्या आणि त्या कागदाकडे बघत राहिल्या. अकरा वर्षांत त्या साइटवर कधी रडल्या नव्हत्या, आणि आताही रडल्या नाहीत. पण त्यांना राग आला, आणि तो राग त्या दोघांपेक्षा स्वतःचाच जास्त होता. यांच्या तोंडचं त्यांच्या तोंडी घालता घालता आपण यांना बोलायचंच विसरायला लावलं की काय, असं त्यांना वाटलं.

मग त्यांनी घड्याळ बघितलं. सव्वातीन. पाऊण तासात मोठे साहेब येतील, आणि इथे काय बघतील? दोन मुकादम, मध्ये दोन भिंती, भिंतींच्या मध्ये बाई, आणि तरीही सगळा कारभार बाईंच्या तोंडूनच चाललेला. यापेक्षा मोठा पुरावा कोणता? समन्वयक नसेल तर या साइटवर वाराही इकडचा तिकडे जात नाही, हे साहेबांना डोळ्यांनी दिसेल. बाईंनी काहीच करायचं नव्हतं. फक्त चारपर्यंत नऊ पावलं इकडे आणि नऊ पावलं तिकडे करत राहायचं. पद वाचलं असतं.

पण आणखी एक अडचण होती, आणि ती नोंदवहीत लिहिण्यासारखी नव्हती. सकाळी धास्तीने घसा कोरडा पडत होता म्हणून बाई तीन पेले पाणी प्यायल्या होत्या. बारापासून त्या आत होत्या. पहिल्या तासात ती अडचण नुसती जाणवत होती, दुसऱ्या तासात ती बोलायला लागली, आणि आता तिने सगळं बोलणंच आपल्या हाती घेतलं होतं.

म्हणजे प्रश्न सरळ होता. नोकरी वाचवायची तर तोंड चालू ठेवायचं, बाहेर पडायचं तर ते बंद करायचं. निरोप मिळायचे थांबले तर दोघांना एकमेकांशी बोलावंच लागेल. आणि ते बोलले, तर साहेबांचंच खरं ठरेल.

"बाई, काय म्हणाले ते?" डाव्या पाइपातून आवाज आला.

बाई गप्प राहिल्या.

"बाई, विचारलंत का त्यांना?" उजव्या पाइपातून.

बाईंनी पायावर पाय टाकला, अडचणीमुळे जरा घट्टच टाकला, आणि मूग गिळून बसल्या.

डाव्यांनी पाच वेळा हाक मारली. उजव्यांनी सात वेळा मारली, कारण डाव्यांची पाच वेळा ऐकू आली होती. मग डाव्यांनी पाइपाला दोन्ही हात लावून असा आवाज काढला की तो खोली ओलांडून थेट उजव्या पाइपातून बाहेर पडला.

"कोण ओरडतंय?" उजवे म्हणाले.

"मी."

"मी कोण?"

"डाव्या बाजूचा."

बाईंनी श्वाससुद्धा बेताने घेतला.

"बाई बोलत नाहीयेत," शेवटी डावे म्हणाले.

"माझ्याशीही नाही."

"आत हवा कमी पडली असेल का?"

"दोन पाइप आहेत की. एक माझा आहे, तो तर चांगला मोठा आहे."

"तसं बघायला गेलं तर दोन्ही सारखेच आहेत. मी मोजलेत."

"तुम्ही माझा पाइप कधी मोजलात?"

"मागच्या वर्षी. तुम्ही सुटीवर होतात."

इथे सगळं पुन्हा फिसकटणार असं बाईंना वाटलं. पण उजवे नुसतेच खाकरले, आणि मग कोणी न विचारता म्हणाले, "ती शिडी मी आणली नव्हती."

"मग कोणी आणली?"

"तुमच्याच गवंड्याने माझ्या गवंड्याला दिली. संध्याकाळपर्यंत म्हणून. तुमचा गवंडी दुसऱ्या दिवशी काम सोडून गेला. शिडी राहिली."

"हे तुम्ही तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही बाईंना विचारायला सांगितलंत. बाईंनी विचारलं, शिडी तुमच्याकडे आहे का? मी म्हटलं, आहे. मग बाई गेल्या."

बाईंना आठवलं. असंच झालं होतं. रिळावर बसल्या बसल्या त्यांचे कान तापले.

"चांगली शिडी होती," डावे म्हणाले.

"आहे अजून. एक पायरी हलत होती, ती मी बसवून घेतली."

"असं?" डाव्यांचा आवाज एकदम मवाळ झाला. "माझ्याकडे आता कोणी चढतच नाही म्हणा. माझाच गुडघा गेलाय."

"कुठला?"

"उजवा."

"माझा डावा. जिना उतरताना जास्त त्रास होतो ना?"

"चढताना काहीच नाही, उतरताना मात्र देव आठवतो."

पुढची दहा मिनिटं ते दोघं गुडघ्यांवर बोलले. कुठलं तेल लावायचं, कुठल्या कुशीवर झोपायचं, बायको कशी म्हणते की वजन कमी करा. बाई आत बसून एक पाय सोडून दुसरा पाय आवळत होत्या. दोन वर्षं ज्यासाठी धडपड केली ते डोळ्यांदेखत, म्हणजे कानांदेखत, घडत होतं, आणि त्यांच्या मनात एकच विचार होता की आता आटपा.

"पण बाई बोलत का नाहीत?" उजवे एकाएकी म्हणाले.

"आपण त्यांना फार पळवलं. त्यांचे बूट दर चार महिन्यांनी नवे असतात. झिजतात बिचारीचे. मी बघितलंय."

"मीही बघितलंय. मागच्या आठवड्यात म्हणणार होतो त्यांना, जरा बसत जा म्हणून. मग वाटलं, त्या म्हणतील हा असं का म्हणाला."

"आत बसल्या असतील ना हो त्या? का पडल्याबिडल्या?"

हा विचार आला आणि दोघांनीही आपापल्या माणसाला घण आणायला पिटाळलं. बाईंनी त्या क्षणी नुसतं "मी ठीक आहे" म्हटलं असतं तर एकाच भिंतीवर भागलं असतं. पण तोंड उघडलं तर हे दोघं पुन्हा निरोप द्यायला लागतील, अशी त्यांना धास्ती वाटली. त्या उठल्या आणि लोखंडी पेटीला पाठ लावून उभ्या राहिल्या. डावीकडे घण पडला, उजवीकडेही घण पडला, आणि आपली कालपर्यंतची सगळी तत्त्वं विसरून दोन्ही मुकादमांनी फॉर्मशिवाय, सहीशिवाय, शेऱ्याशिवाय दोन भिंती चार मिनिटांत जमीनदोस्त केल्या.

मोठे साहेब जिना उतरत होते ते नेमके तेव्हाच. त्यांना दिसलं ते असं: पांढऱ्या धुळीचा लोट, त्या लोटातून धावत येणारी डोक्यापासून पायापर्यंत पांढरी झालेली एक बाई, आणि ती त्यांच्याकडे न बघता, नमस्कारही न करता, जिना दोन दोन पायऱ्यांनी चढून दिसेनाशी झाली.

"या कोण?" साहेबांनी विचारलं.

"समन्वयक," दोघं एकदम म्हणाले.

बाई तोंड धुऊन, केस झटकून, जीव भांड्यात पडलेल्या माणसाच्या चालीने खाली परतल्या तेव्हा वीस मिनिटं झाली होती. खोलीपाशी साहेब, डावे आणि उजवे उभे होते. दार डावीकडे बसवायचं, उजवीकडची जागा उद्या सकाळी परत बुजवायची, आणि पडलेले चांगले ब्लॉक दोघांनी निम्मे निम्मे वापरायचे, हे त्या दोघांनी ठरवूनसुद्धा टाकलं होतं. एकशे चौदा नंबरची बाब. आठ महिन्यांची. वीस मिनिटांत मिटली, आणि बाई तिथे नव्हत्या.

"बोलतात की हे," साहेब बाईंना म्हणाले.

"हो साहेब. आता बोलतात."

"पण साहेब," उजवे मध्येच म्हणाले, "आम्ही बोललो ते बाई गप्प बसल्या म्हणून."

"तसं बघायला गेलं तर," डावे म्हणाले, "गप्प बसायलाही त्यांना आतच असावं लागलं."

"तेच तर," साहेब म्हणाले. माणूस वाईट नव्हता. त्याला जे दिसलं त्याचा त्याने सरळ अर्थ लावला. "बाई, तुमचं काम तुम्ही पूर्ण केलंत. आता या पदाची गरज उरली नाही. मी तसं लिहून देतो."

बाईंना काय वाटलं ते लपवण्यात अर्थ नाही. वाईट वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हातून एक काम मनासारखं झालं, आणि त्याच्याच पायी आपल्याला नारळ मिळाला, असं वाटून त्या मान खाली घालून उभ्या राहिल्या. डाव्यांनी नाक ओढलं. उजवे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, पण तिथे आता भिंत नव्हती, त्यामुळे त्यांचे डोळे पुसणं सगळ्यांनाच दिसलं.

"फक्त एक आहे," साहेब वही काढत म्हणाले. "हे पद बंद करायचं पत्र आस्थापना विभागाने काढायचं, की प्रकल्प विभागाने?"

"पद प्रकल्प विभागाने मागितलं होतं," बाई म्हणाल्या. "आस्थापनेने भरलं होतं."

"मग प्रकल्पवाले काढतील."

"ते म्हणतील, आम्ही फक्त मागितलं होतं."

"मग आस्थापनेने काढावं."

"ते म्हणतील, ज्यांनी मागितलं त्यांनी नको म्हणून आधी कळवावं."

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्या दोन विभागांच्या प्रमुखांचं कसं आहे ते त्यांना ठाऊक होतं. एकाच मजल्यावर समोरासमोरच्या खोल्यांत बसून दोघं एकमेकांना टपालाने पत्रं पाठवायचे. साहेबांनी वही मिटली, पुन्हा उघडली, आणि अखेर जरासं ओशाळून बाईंकडे बघितलं.

"तेवढं त्या दोघांत जुळवून घ्याल का? ते झालं की तुम्ही मोकळ्या."

"घेते की," बाई म्हणाल्या. त्यांनी तिथेच, धुळीने माखलेल्या नोंदवहीचं नवं पान काढलं आणि लिहिलं. बाब क्रमांक एकशे पंधरा. समन्वयक पद बंद करणे. देणारा, प्रकल्प विभाग. घेणारा, आस्थापना विभाग.

"साधारण किती दिवस लागतील?" साहेबांनी विचारलं.

"तसं सांगता येत नाही साहेब. दोन्हीकडची माणसं फार चांगली आहेत."

याला आता तीन वर्षं झाली. दवाखाना सुरू झाला, डावे आणि उजवे एकाच साइटवर काम मागून घेतात आणि दुपारी एकमेकांचे गुडघे चेपतात. बाई मुख्य कचेरीत बसतात आणि एकशे पंधराचा पाठपुरावा अगदी प्रामाणिकपणे करतात. दर सोमवारी या खोलीतून त्या खोलीत जातात, त्या खोलीतून या खोलीत येतात. सुरुवातीला त्यांनी गप्प बसूनही बघितलं, पण त्या दोघांना गप्पपणाचा काहीच त्रास होत नाही. फाइल पाचशे पानांची झाली आहे. मागच्या महिन्यात दोन्ही विभागांचं एका गोष्टीवर पहिल्यांदाच एकमत झालं. हे काम एकट्या बाईंना झेपण्यासारखं नाही, तेव्हा त्यांचं पद लवकर बंद व्हावं म्हणून त्यांच्या हाताखाली दोन सहायक समन्वयक नेमावेत. अनुभव किमान दहा वर्षं, नेमणूक कायम.